बाक मिळाला, मान कोणी द्यावयाचा?

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास मुंबईच्या उपनगरांतील हजारो घरांत एका सोडतीची वाट पाहिली जाते. घाटकोपरास असल्फ्याच्या टेकडीवर राहणारा रिक्षावाला, मुलुंडच्या बाजारात ओझी वाहणारा हमाल, अंधेरीस चकाल्याच्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करणारी बाई, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यावरचा वारली मजूर, या सर्वांस त्या दिवसांत एकच घोर लागलेला असतो. शिक्षण हक्काच्या कायद्याखाली आपल्या लेकराचा नंबर लागला की नाही? ज्याचा लागतो त्याच्या घरी पेढे येतात. त्या पेढ्यांची गोडी आम्ही कमी लेखीत नाही. २००९ साली संसदेने हा कायदा केला, १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला, आणि त्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांच्या आरंभीच्या वर्गातील निदान चौथा हिस्सा जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठी राखल्या गेल्या. शाळाचालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी कायदा वैध ठरविला. येथपर्यंत विधिमंडळाचे व न्यायासनाचे काम झाले. परंतु जून उजाडतो, मूल नवा गणवेश घालून वर्गात जाऊन बसते, आणि तेथून पुढे त्याच्या मनात जे घडते त्याची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात होत नाही. ते मूल स्वतःस काय समजू लागते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतील कोणी म्हणतील की हा मास्तरांचा विषय, आमचा नव्हे. त्यांस आम्ही इतकेच विचारतो की पत म्हणजे काय हे तुमच्याहून अधिक कोणास ठाऊक आहे? दुकानात माल आहे, हाताला चलाखी आहे, पण बाजारात रोज कोणीतरी पतीविषयी कुजबुज करीत असेल तर तो दुकानदार मोठी मागणी नोंदविण्याचे धाडसच करीत नाही. पुढे त्याची स्वतःचीच समजूत होते की आपली झेप इतकीच. मुलाच्या मनातही त्याची स्वतःची एक पत असते. सहा-सात वर्षांच्या वयात ती मांडली जाते, आणि ती मांडणारे हात बहुधा दुसऱ्यांचे असतात.

प्रश्न जुना आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने तो नाकारला. कारण असे की एका मुलासाठी बाकीच्यांवर सक्ती केली तर शाळाच निरुपयोगी होईल. दोन वर्षांनी विलायतेतील वरिष्ठांनी सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले खरे, पण दार उघडले म्हणजे आत जागा मिळतेच असे नाही. १८९१ साली जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपली हकिगत पुढे स्वतः लिहून ठेविली आहे. वर्गात इतर मुलांपासून दूर एका कोपऱ्यात बसावयाचे, बसावयास गोणपाटाचा तुकडा घरून आणावयाचा, आणि शाळा झाडणारा गडी त्याला शिवत नसल्यामुळे तो रोज घरी परत न्यावयाचा. तहान लागली तर शाळेचा शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच. त्या मुलाच्या हुशारीत उणे काय होते हे जगाने पुढे पाहिले. उणे होते ते त्या गोणपाटात, आणि ते रोज डोक्यावर वाहून नेण्याचे काम मात्र मुलाकडे.

त्यानंतर पुष्कळ घडले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढिला. त्याच साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्यास त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका चुलीवरचे एका पंगतीत जेवू लागली. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा सर्वांस मोकळ्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. स्वराज्य आले, राज्यघटना आली. गोणपाटाचा तुकडा गेला आणि त्याच्या जागी सर्वांसारखा बाक आला. हे थोडे नव्हे, आणि ज्यांनी ते घडवून आणिले त्यांचे ऋण मानूनच पुढचे बोलावयाचे आहे.

पुढचे बोलणे असे, की गोणपाट हल्ली ताग्याचा नसतो, शब्दांचा असतो. आपल्या शाळांतून एक रीत आहे. वर्ष सुरू झाले किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली की शिक्षक वर्गात येतात आणि विचारतात, "जातीचे दाखले कोणी कोणी आणले नाहीत? उभे राहा." पाच-सहा मुले उभी राहतात. शिक्षकाच्या मनात काही वाईट नसते. वर कचेरीतून तगादा आलेला असतो, आणि यादी पुरी करावयाची असते. पण उरलेली चाळीस-पन्नास मुले त्या उभ्या राहिलेल्यांकडे मान वळवून पाहतात, आणि त्या एका मिनिटात जी गोष्ट मधल्या सुटीत कोणाच्या गावीही नव्हती ती सर्व वर्गाची माहिती होऊन बसते. खासगी शाळांत दाखल्यांचा प्रसंग कमी, पण तेथे दुसरा पुकारा आहे. "आरटीईची मुले कोण?" पुस्तके वाटावयाची आहेत, सहलीची वर्गणी घ्यावयाची आहे, फॉर्मवर सही पाहिजे; निमित्त काहीही असो, हात वर करावयास लावितात. काही दिवसांनी मुलेच एकमेकांस "आरटीईवाला" म्हणू लागतात. कायद्याच्या नावाची शिवी व्हावी, हे त्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

आणि हा पुकारा केवळ जातीचा नाही. आडनाव विचारणे ही एक पायरी झाली. दुसरी पायरी "राहतोस कुठे?" इमारतीचे नाव सांगितले तर ठीक; नगर, चाळ, पाडा असे काही आले की पुढचा प्रश्न येत नाही, आणि तो न येण्यातच उत्तर असते. मराठी बोलणाऱ्या मुलास "घाटी" म्हणणारे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यास "व्हर्नी" म्हणण्याची टूम महाविद्यालयांतून निघाली. उत्तरेकडून आलेल्या दूधवाल्याच्या मुलास "भय्या" म्हणून हाक मारणारे मात्र बहुतेक आपलेच, हेही या ठिकाणी कबूल केले पाहिजे. वेसाव्याच्या कोळीवाड्यातील मुलाने डब्यात घरचे खाणे आणले तर शेजारच्याने नाक दाबावे, आणि मुलाने दुसऱ्या दिवसापासून आईस "मला पोळीभाजीच दे" असे सांगावे! ज्या कोळ्यांची वस्ती या मुंबईत सर्वांत जुनी, त्यांच्याच पोराने आपल्या घरच्या वासाची लाज धरावी, याहून उलटा न्याय कोणता? वारली मुलाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या घरची बोली पुस्तकातील मराठीहून वेगळी आहे. तो आपल्या बोलीत बरोबर उत्तर देतो, वर्ग हसतो, शिक्षकही ओठांत हसतात. चार दिवसांनी तो उत्तर देणेच सोडतो, आणि मग प्रगतिपुस्तकात शेरा येतो की मूल अबोल आहे.

असल्या गोष्टींनी मुलाच्या बुद्धीवर खरोखर परिणाम होतो काय, की हा सगळा हळव्या मनाचा पसारा आहे? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर अनुमानाने देण्याचे कारण नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला, आणि त्याचा वृत्तान्त २००४ साली व पुढे २००६ साली प्रसिद्ध झाला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींची ३२१ आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची ३२१ शाळकरी मुले घेतली. कागदावर छापलेल्या भुलभुलैयातून पेन्सिलीने वाट काढावयाची, आणि जितके कोडी सुटतील तितके पैसे मिळावयाचे, असा खेळ. ज्या गटांत जातीचा उच्चार झाला नाही तेथे दोन्हीकडची मुले सारखीच उतरली. दुसऱ्या गटांत खेळापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, आजाचे नाव आणि जात सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखविली. कोडी तीच, पेन्सिली त्याच, पैसेही तेच. तथापि खालच्या समजल्या जाणाऱ्या मुलांची संख्या घसरली आणि दोहोंत अंतर पडले. मुलाचे डोके एका घटकेत कमी झाले नाही. फक्त पुकारा झाला. आपल्या शिक्षकांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. कारण आपल्याकडे तो परीक्षागृहात नव्हे, तर रोजच्या हजेरीत चालतो.

आता यावर एक मोठा आक्षेप निघतो, आणि तो साधा नसल्यामुळे त्याचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. तो असा: मुलास स्वतःविषयी कमीपणा वाटतो तो त्याच्या गरिबीमुळे व जातीमुळेच, शाळा त्यास काय करणार? हा वाद अमेरिकेत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळांवरून एकदा न्यायालयापर्यंत गेला होता. केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने निग्रो मुलांपुढे एक गोरी आणि एक काळी बाहुली ठेवली, व पुष्कळ मुलांनी गोरीच चांगली म्हणून उचलली. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरविताना, वेगळे काढल्याने मुलाच्या मनात समाजातील आपल्या स्थानाविषयी न्यूनभाव उत्पन्न होतो, हे कारण स्पष्ट नमूद केले. वकिलीच्या पेशात आम्ही अनेक निकाल वाचले. मुलाच्या मनास इतके वजन देणारे निकाल फार थोडे.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. सत्तरीच्या आरंभी मॉरिस रोझेनबर्ग व रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोर शहरातील शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि त्यात असे आढळले की काळ्या मुलांचा स्वतःविषयीचा आदर गोऱ्या मुलांहून कमी नव्हता. हे कसे? तर मूल स्वतःस मापते ते सबंध जगाशी नव्हे, भोवतालच्या माणसांशी. आपल्या वस्तीत, आपल्या आईबापांच्या, शेजाऱ्यांच्या, आपल्यासारख्याच सोबत्यांच्या नजरेत ते लहान नसते. जी काळी मुले बहुसंख्य गोऱ्यांच्या शाळेत होती त्यांच्यात मात्र हा आदर काहीसा उणा दिसला.

ही गोष्ट आपल्याकडे कोणी पाहू म्हटले तर दिसण्यासारखी आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात चौदा एप्रिलच्या रात्री एखादे मूल पाहावे. नवे कपडे, दिव्यांच्या माळा, ढोलताशे, आणि ज्याच्या तसबिरीपुढे सर्व वस्ती नमते तो आपल्यासारखाच गोणपाटावर बसलेला मुलगा होता हे त्यास ठाऊक. या वस्तीने ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गमाविली. ते दुःखही त्या मुलास घरात ऐकू येते, आणि त्या दुःखाबरोबर ताठ मानही मिळते. त्यास कमीपणा शिकविलेला नाही. तेच मूल दोन महिन्यांनी जूनमध्ये दूरच्या शाळेत जाते, आणि तेथे ज्या नावाचा घरी अभिमान त्याच नावाचा वर्गात संकोच करावयास शिकते. जात तीच, गरिबी तीच. मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ओळख आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर चिकटविलेली ओळख, या दोन वस्तू एकच नाहीत. पहिलीने मान वर होते, दुसरीने खाली जाते.

मुक्ता साळवे हे नाव या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकलेली मांग समाजातील ही मुलगी. चौदा वर्षांच्या आसपास वय, आणि शिक्षण अवघे तीन वर्षांचे. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. स्वतःच्या जातीचे नाव घेऊन तिने पेशवाईतील जुलमांचा जाब विचारला आहे. तिच्या शाळेने तिला जात लपवावयास सांगितले नाही, आणि जातीवरून उभेही केले नाही. बोलावयास शिकविले, आणि मग काय बोलावयाचे ते तिचे तिने ठरविले. शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या आपल्या शाळांस इतके जमू नये काय?

ही बाल्टिमोरची साक्ष ऐकून काही शाळाचालक चटकन म्हणतील, "मग बरेच झाले! या मुलांस त्यांच्याच वस्तीतील शाळेत राहू द्या. तेथे ती सुखी आहेत." हा युक्तिवाद वरवर दयाळू दिसतो, पण शाहू महाराजांनी १९१९ साली मोडलेली भिंत परत बांधण्याचाच हा प्रकार आहे. मिसळण्यात इजा नाही. शिक्का मारून मिसळण्यात आहे. श्रीमंत घरच्या मुलांचे अशा मिसळण्याने नुकसान होते, ही भीतीही तपासून झालेली आहे. दिल्लीत २००७ पासून पुष्कळ खासगी शाळांस गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तेथील श्रीमंत विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या वर्गांत गरीब सोबती होते तेथील श्रीमंत मुले अधिक उदार निघाली, धर्मकार्यास स्वयंसेवक म्हणून अधिक पुढे आली. आणि धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, गरीब म्हणून चांगला धावणारा सोडून आपल्या वर्गातला मंद धावणारा घेण्याची त्यांची खोड कमी झाली. अभ्यासावर मोठा असा परिणाम दिसला नाही. शिव्या मात्र थोड्या वाढल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण बंगल्यातील मुलांस शिव्या येतच नव्हत्या असे मानण्याइतके आमचे वाचक भोळे नसावेत.

कायद्याची आजची स्थितीही सांगणे अवश्य आहे, कारण या बाबतीत सरकार व संस्थाचालक दोघांचेही पाय डगमगताना दिसले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी अल्पसंख्याकांच्या शाळांस या कायद्यातून मोकळे केले. उपनगरांत धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांच्या नामांकित शाळा पुष्कळ आहेत. अर्थात त्या दारांवर हा कायदा ठोठावीत नाही. ती घटनेची बाब आहे, तिच्याशी आमचा तंटा नाही. मात्र मोकळीक मिळाली म्हणून दार लोटलेच पाहिजे असेही घटनेत कोठे लिहिलेले नाही. दुसरी गोष्ट महाराष्ट्र सरकारची. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियम बदलून असे केले की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिजवर हे बंधन नाही. उपनगरांत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असे ठिकाण शोधावेच लागेल. म्हणजे कायदा जिवंत ठेवून त्याचा श्वास तेवढा काढून घेण्याची ही युक्ती होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्याचे नाकारिले. संस्थाचालकांची एक तक्रार मात्र खरी आहे. या मुलांच्या फीची भरपाई सरकारने करावयाची, आणि ती वर्षानुवर्षे थकते. सरकारने आपले देणे वेळेवर द्यावे. पण सरकारावरचा राग सहा वर्षांच्या पोरावर काढणे, याला कोणत्याही बाजारात सचोटीचा व्यवहार म्हणत नाहीत.

या कायद्याला एक कडा आहे, आणि तिच्यावरून मुले पडतात. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. म्हणजे इयत्ता आठवी संपली की संपला. नववीपासून त्याच शाळेत राहावयाचे तर पूर्ण फी. आठ वर्षे ज्या वर्गास आपला वर्ग म्हटले, ज्या सोबत्यांबरोबर मैदान मारिले, त्यांच्यातून ऐन चौदाव्या वर्षी उठावयाचे! आमच्याकडे सल्ल्यास आलेल्या एका रिक्षावाल्याची मुलगी अशीच आठवीत होती. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कायद्याने पुढे काही होते का, हे विचारावयास तो आला होता. आम्हांस जे उत्तर द्यावे लागले ते वाचकांस कळलेच आहे. फीचे कसेतरी करू, कर्ज काढू, असे तो म्हणाला. मग जाता जाता एक गोष्ट सांगून गेला. पोरगी तिसरीत गेल्यापासून त्यास शाळेच्या दारापर्यंत येऊ देत नाही. खाकी कपड्यांत येऊ नका म्हणते. म्हणून तो अलीकडच्या वळणावर रिक्षा उभी करितो, ती उतरून चालत जाते, आणि ती फाटकात शिरेपर्यंत तो तेथूनच पाहत राहतो. "तिचं काही चुकत नाही, साहेब," असे तो आम्हांसच समजावून सांगत होता. पाच वर्षे रोज सकाळी बापाची ओळख शंभर पावलांवर सोडून वर्गात जाणाऱ्या त्या मुलीस गणितात किती गुण पडतात, हे त्या शाळेस ठाऊक असेल. बाकीचे ठाऊक असण्याचा संभव नाही.

म्युनिसिपालिटीच्या शाळांविषयी दोन शब्द. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तामिळ, तेलुगू व कानडी अशा आठ भाषांतून मुलांस शिकविते. पृथ्वीच्या पाठीवर इतक्या भाषांचे ओझे उचलणारी शहरे थोडी असतील. गणवेश, दप्तर, बूट फुकट देते. असे असता "पालिकेची शाळा" हे शब्द उच्चारताना पालकांचा आवाज खाली का यावा? अलीकडे या शाळांस "मुंबई पब्लिक स्कूल" असे इंग्रजी नाव दिले गेले. पाटी बदलल्याने पट वाढत असेल तर वाढो; पण मराठी नावाची लाज वाटते हे ओळखून सरकारी संस्थेनेच ते झाकावे, यात त्या मुलास कोणता धडा मिळाला? चांगले शिक्षक, भरलेली पदे, वाहते नळ आणि स्वच्छ संडास असलेल्या शाळेची लाज कोणास वाटत नाही, मग पाटीवर काहीही असो.

तेव्हा करावयाचे काय? दाखले, अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे ही पालकांकडून कचेरीत घ्यावयाची. वर्गात त्यांचा उच्चार नको. यास एक पैचा खर्च नाही. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की या मुलांस वर्गात वेगळे बसवावयाचे नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या वेळी वा वेगळ्या जागी भरवावयाचे नाहीत, पुस्तके, गणवेश, वाचनालय, खेळ यांत दुजाभाव करावयाचा नाही. कायद्याच्या सतराव्या कलमाने मारण्याबरोबरच मानसिक छळासही बंदी केली आहे. ही कलमे शिक्षकांस वाचून दाखविणारा मुख्याध्यापक आम्हांस भेटावा अशी इच्छा आहे. सहलीची वर्गणी हा या वर्गातील मुलांचा खरा काटा. कारण दुर्बल घटक म्हणून प्रवेश मिळावयास घरचे उत्पन्न वर्षाला एक लाख रुपयांच्या आत असावे लागते, आणि शाळेची सहल मात्र त्या उत्पन्नाकडे पाहून ठरत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या व्यापारी मंडळांनी हा खर्च शाळेच्या नावे, मुलांची नावे न विचारता, उचलला तर त्यांच्या वार्षिक समारंभातील एका जेवणावळीइतकाही तो होणार नाही. देणगीच्या पाटीवर नाव हवेच असेल तर ते दात्याचे घाला, घेणाऱ्याचे नको.

शिक्षकाने एखाद्या मुलास ओळखले, म्हणजे काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचीत बसलेला त्यांनी पाहिला. तो त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या जातीचाही नव्हता. तो मॅट्रिक झाला तेव्हा १९०७ साली त्याच्या सत्काराची सभा भरली, आणि केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून त्यास महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्तीही मिळवून दिली. तो मुलगा साताऱ्याचा तो गोणपाटवालाच होता. त्या पुस्तकाने पुढे काय केले ते सर्वश्रुत आहे.

आणि घरची बाजूही विसरून चालणार नाही. उर्मिला पवार यांनी 'आयदान' या २००३ सालच्या आत्मकथनात रत्नागिरीकडील आपल्या शाळेचा प्रसंग लिहिला आहे. शाळेच्या आवारातील शेण काढण्यास गुरुजींनी त्यांस सांगितले, त्यांनी नकार दिला, आणि मार खाल्ला. त्यांची आई विधवा, बांबूच्या टोपल्या विणून पोट भरणारी. ती ओसरीवर विणीत बसली असता गुरुजी रस्त्याने जाऊ लागले. तिने त्यांस हाक मारून थांबविले आणि भर रस्त्यात जाब विचारला. त्यानंतर त्या मुलीस शेण काढावयास कोणी सांगितले नाही. मुलीचा अभ्यास आईस तपासता येत नव्हता. पण मुलीची पत तिने एका घटकेत सावरली. उपनगरांतील आईबापांपैकी अनेकांस शाळेच्या कचेरीत शिरतानाच घाम फुटतो, कारण तेथे इंग्रजी बोलतात. त्यांस आमचे सांगणे, की मराठीतून विचारा. मराठीतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे या राज्यातील कोणत्याही शाळेस अवघड नाही.

एक शेवटची कायदेशीर गोष्ट सांगून थांबतो. महाराष्ट्राच्या २०११ सालच्या फी-नियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत, मग ती कितीही महागडी असो, वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ बनवावयाचा असतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक त्याचा सभासद असतो. त्यात पंचवीस टक्क्यांतील मुलांचे पालकही आले, आणि उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांतील आमचे वाचकही आले. या संघाच्या पहिल्या सभेत बहुधा फी आणि बसच्या वेळा यांवरच घसा कोरडा होतो. यंदा तेथे एक साधा प्रश्न विचारता येईल: आपल्या शाळेत दाखले आणि आरटीईच्या याद्या वर्गात वाचल्या जातात काय? प्रश्न विचारणारा पालक पंचाहत्तरांतला असला तर उत्तर लवकर मिळेल.